पाऊस पडला की पैसे कुणाचे बुडतात? : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी तबला वाजवतो. मिरजेचा आहे. गायकाच्या फोटोखाली बारीक अक्षरात 'तबलासाथ' म्हणून जी नावं छापतात, त्यातलं एक माझं. पुष्कळदा तेही नसतं, नुसतं 'आणि सहकारी' असतं. पत्राला निमित्त झालं परतीच्या पावसाचं. पावसाची तक्रार मंत्र्यांकडे करण्याइतका मी खुळा नाही. तक्रार आहे ती पाऊस पडल्यावर आपल्याकडे जे होतं त्याची.

ऑक्टोबरातला एक शनिवार-रविवार. तालुक्याच्या गावी, शाळेच्या मैदानावर दोन दिवसांचा संगीत महोत्सव होता. गावाचं आणि संस्थेचं नाव लिहीत नाही. माणसं चांगली होती, आणि तिथे जे झालं ते कुठेही होऊ शकतं, होतंही. दुपारी चारपर्यंत कडक ऊन होतं. पाचला पश्चिमेकडून ढग चढायला लागले. आमचं ध्वनिपरीक्षण झालं, पहिल्या सतारवादकानं यमनचे आलाप संपवले, आणि आलापापुढचा, लय धरणारा जोड सुरू होतोय न होतोय तोच पावसानं गाठलं.

मंडप होता, पण तो उन्हाचा. वर पांढरं-गुलाबी कापड. पाच मिनिटांत त्या कापडाला पाण्याची पोटं सुटली. कार्यकर्ते बांबूनं खालून ढोसायचे आणि ते सगळं पाणी मधल्या रांगांवर यायचं. ध्वनिव्यवस्थेच्या पोरांनी मिक्सरवर महोत्सवाचाच फ्लेक्स ओढला. जमिनीवरून गेलेल्या वायरींचे जोड चिखलात, आणि त्या चिखलातून लोक चपला शोधत इकडून तिकडे. विजा चमकत होत्या. स्टेजच्या दोन्ही बाजूंना लोखंडी सांगाडे, त्यांवर दिवे आणि भला मोठा एलईडी पडदा. निवेदक सांगत होता, "रसिकहो, कृपया जागा सोडू नका, दहा मिनिटांत कार्यक्रम पूर्ववत सुरू होईल." ही दहा मिनिटं त्यानं तासाभरात किती वेळा जाहीर केली याची मोजदाद नाही.

त्या तासात एक गोष्ट मला टोचली. 'आता बंद, सगळ्यांनी शाळेच्या इमारतीत चला' असं म्हणण्याचा अधिकार तिथे कुणालाच नव्हता. संस्थेचे अध्यक्ष प्रायोजकाकडे बघत होते, प्रायोजकाची माणसं मंडपवाल्याकडे, मंडपवाला आभाळाकडे. नऊच्या सुमारास पाऊस थांबला तेव्हा मैदानात घोटाभर पाणी होतं. कार्यक्रम रद्द.

रद्द झाला तो आमचा. म्हणजे ज्या बाईंच्या साथीला मी गेलो होतो, त्यांचं ख्यालगायन. त्या शनिवारसाठी जिल्हा प्रशासनाकडून रात्री बारापर्यंतची परवानगीही मिळवलेली होती, त्यामुळे बऱ्याच दिवसांनी उत्तररात्रीकडे झुकणारा एखादा राग सवडीनं गायला मिळेल म्हणून बाई खुशीत होत्या.

आता रविवार सकाळ सांगतो, कारण नुसतं रडगाणं गायला हे पत्र लिहिलेलं नाही.

सकाळचं सत्र शाळेच्या लांब ओसरीवर ठेवलं. वीज आलेली नव्हती, म्हणजे माईक नाही. तबला दमटपणानं इतका उतरला होता की काळी चारचा पांढरी पाचला, म्हणजे पेटीवर एक पट्टी खाली, येऊन बसला. पुडीचं कातडं हवेतली ओल पितं आणि सैल पडतं. हातोडीनं गजऱ्यावर, म्हणजे पुडीभोवतीच्या कातड्याच्या वेणीवर, ठोकून चढवावा, तर दोन आवर्तनांत पुन्हा खाली. शेवटी फाटकाबाहेरच्या चहावाल्याकडे गेलो. त्यानं काही न विचारता पातेलं उतरवलं आणि शेगडी मला दिली. तबला हातात धरून आचेपासून वीतभर लांब फिरवत होतो, आणि भोवती चहाला आलेले लोक जमले. एकानं विचारलं, "कितपत शिजला?" पुडी कोरडी होत गेली तसा सूर वर आला, चाटेवर, म्हणजे पुडीच्या कडेवर, बोट मारल्यावर स्वच्छ वाजला, आणि त्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. माझ्या एकट्यासाठी टाळ्या फार क्वचित पडतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

बाई आदल्या रात्री परत जाऊ शकल्या असत्या. त्या राहिल्या, आणि एक पैसा न घेता गायल्या. त्यांच्या मिरजेच्या तंबोऱ्यांची जोडी रात्रभर गाडीत घोंगडीत गुंडाळून ठेवलेली होती, तरी जव्हारी, म्हणजे तारांचा तो भरलेला झंकार, पुन्हा लागायला बराच वेळ गेला. तेवढ्यात मागून कुणीतरी मल्हाराची फर्माईश केली. (ढग दिसला की मल्हार मागणारा श्रोता महाराष्ट्रात प्रत्येक गावात एक तरी असतो.) बाई म्हणाल्या, "मल्हार काल होऊन गेला. तुम्ही तेव्हा छत्री शोधत होतात." आणि तोडी सुरू केली. विलंबित एकतालात, माईकशिवाय, शेदीडशे माणसं दाटीवाटीनं बसलेली, पन्हाळीतून पाणी ठिबकतंय, आणि तोडीचा कोमल गंधार ओसरीच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचतोय. डग्ग्यावर तळहात घासून काढलेली माझी घसीटसुद्धा शेवटच्या माणसाला ऐकू जात होती. इतकं चांगलं वाजवायला मला मोठ्या मंचावर, पायाशी चार मॉनिटर असतानाही जमलेलं नाही.

दुपारी गावातल्या लोकांनी वखारीतून लाकडाचा भुसा आणून मैदानात पसरला. संध्याकाळी माणसं आली. शनिवारपेक्षा जास्त आली. आभाळ निरभ्र होतं. शेवटचे गायक रंगात आले आणि दहाच्या ठोक्याला थांबले, कारण बारापर्यंतची परवानगी शनिवारची होती. शनिवारी ती पाण्यात गेली, रविवारी ती लागू नव्हती. बंदोबस्तावरचे हवालदार स्वतः मान डोलावत होते, पण घड्याळ दाखवणं त्यांना भाग होतं.

मंत्रिमहोदय, रात्री दहाच्या नियमाविरुद्ध मी नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. त्यामुळे रात्रभराच्या मैफली गेल्या, पुण्याच्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवाचंही रात्र जागवणं गेलं, आणि दरबारी नि मालकंस घाईत उरकायची सवय आम्हाला लागली. पण डीजेच्या भिंतींशेजारी राहणाऱ्या आजाऱ्याला विचारलं तर तो नियमाच्याच बाजूनं बोलेल, आणि ते बरोबर आहे. त्याच नियमात वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सांस्कृतिक आणि धार्मिक कार्यक्रमांना बारापर्यंत सवलत देता येते. माझं म्हणणं त्या पंधरापुरतंच आहे. ज्या दिवशी पावसानं एक सूरही लागला नाही, तो दिवस 'वापरला' असं धरू नका. उघड्यावरच्या कार्यक्रमाच्या परवानगीत तारखेपुढे 'अथवा राखीव दिवशी' एवढं जोडून मिळालं, तर पंधराचे सोळा होत नाहीत आणि कार्यक्रम वाचतो. हे खातं तुमचं नाही, पर्यावरणाचं आणि जिल्हाधिकाऱ्यांचं आहे, हे मला ठाऊक आहे. पण त्यांच्या दारात गवयाचं म्हणणं घेऊन तुमच्याशिवाय कोण जाणार?

क्रिकेटला हे कधीच कळलंय. २०२३ची आयपीएलची अंतिम लढत अहमदाबादेत २८ मे रोजी होती. पाऊस आला, सामना राखीव दिवशी गेला, तिथेही पाऊस आला, आणि निकाल लागला तेव्हा ३० मे उजाडून तास-दीड तास उलटला होता. पाऊस पडला तर काय, हे खेळाडू मैदानात उतरण्याआधी कागदावर होतं. गाण्याच्या कागदावर काय असतं? बहुतेक वेळा कागदच नसतो. फोनवर तारीख ठरते.

सवाईसुद्धा यातून सुटला नाही. डिसेंबर हा पुण्यातला भरवशाचा कोरडा महिना. तरी २०१४च्या डिसेंबरात अवकाळी पावसानं तो पुढे ढकलावा लागला आणि २०१५च्या जानेवारीत झाला. १९५३पासूनची परंपरा आणि मोठा श्रोतृवर्ग पाठीशी, म्हणून तो ढकलता आला. तालुक्याची संस्था ढकलत नाही, बुडते. आणि ऑक्टोबर तर आता पावसाळ्यातच धरायला हवा. हवामान खात्यानं २०२०मध्ये मोसमी पावसाच्या तारखा नव्यानं ठरवल्या, तेव्हा मुंबईतून पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. आमचे महोत्सव अजून जुन्या पंचांगावर चाललेत.

आता आभाळातल्या विजेचं आणि वाऱ्याचं. आपल्या खात्याला उघड्या मैदानाचा धोका मी सांगायला नको. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर उन्हात झाला आणि उष्माघातानं १४ माणसं गेली. त्यानंतर दुपारी १२ ते ५ उघड्यावर कार्यक्रम नकोत, असं सरकारनं सांगितलं. उन्हाला जी वेळ लावली ती विजेला आणि वाऱ्याला का नाही? मे २०२४मध्ये घाटकोपरला वादळी वाऱ्यात होर्डिंग कोसळून १७ जण दगावले. आमच्या स्टेजचे सांगाडे होर्डिंगपेक्षा लहान असतात, पण ते आदल्या रात्री उभे राहतात आणि त्यांच्या खाली माणसं मांडी घालून बसलेली असतात. अमेरिकेत इंडियाना राज्याच्या जत्रेत १३ ऑगस्ट २०११ रोजी वादळात स्टेजचा सांगाडा प्रेक्षकांवर पडून सात जण गेले, आणि त्याच आठवड्यात बेल्जियममधल्या पुकेलपॉप महोत्सवात वादळानं पाच जणांचा बळी घेतला. ते श्रीमंत देश आहेत, तरी असं झालं.

पुण्याच्याच उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप आहे. आपल्या आसपास वीज पडण्याचा धोका आहे का, ते फुकटात सांगतं. ते उघडून बघणारा आणि त्यावरून कार्यक्रम थांबवणारा एक माणूस नावानिशी नेमा, एवढी अट परवानगीत घाला. त्याचा शब्द अध्यक्षांच्या वर, प्रायोजकाच्या वर, आणि माफ करा, उद्घाटनाला आलेल्या मंत्र्यांच्याही वर.

शेवटचं, आणि माझ्या दृष्टीनं मुख्य, पैशाचं. त्या शनिवारी बाईंना अर्धं मानधन आगाऊ मिळालेलं होतं. मला, पेटीवाल्यांना आणि तंबोऱ्यावर बसणाऱ्या दोन मुलींना गाडीभाडं मिळालं. पेटीच्या भात्यात पाणी गेलं. दुरुस्ती पेटीवाल्यांनी पदरचे पैसे घालून केली. ध्वनिव्यवस्थेच्या मालकाला बिलाच्या निम्मे मिळाले, त्याच्या हाताखालच्या पोरांना काय मिळालं हे मी विचारलं नाही, चेहऱ्यावर दिसत होतं. मंडपाची पोरं रात्रभर ओल्या स्टेजवर सामान राखत झोपली. कुणी कुणाला फसवलं नाही. तिकीटविक्री बुडाली, प्रायोजकानं हात आखडता घेतला, आणि तोटा वरून खाली घरंगळत जो सगळ्यात खाली होता त्याच्याजवळ येऊन थांबला.

म्हाताऱ्या कलावंतांना आपलं सरकार महिना ५,००० रुपये मानधन देतं. चांगली गोष्ट आहे, माझ्या ओळखीची काही घरं त्यावर औषधपाणी करतात. पण हातपाय चालतात तोवर कलावंताची ठरलेली बिदागी पावसात वाहून जाऊ नये, याची तजवीज त्याहून स्वस्त आहे. सुरुवात स्वतःपासून करता येईल. वेरूळ-अजिंठा महोत्सवासारखे सरकारच्या आश्रयानं होणारे महोत्सव, आणि आपलं खातं ज्यांना अनुदान देतं त्या संस्थांचे कार्यक्रम, एवढ्यांपुरतं लिहून ठेवा : साथीदार आणि तांत्रिक कामगार जागेवर पोचले की त्यांचं मानधन पक्कं, कार्यक्रम होवो न होवो. अनुदानाच्या अर्जात पावसाच्या विम्याचा खर्च मान्य करा. आणि जवळची शाळा किंवा सभागृह पर्यायी जागा म्हणून अर्जातच नोंदवायला लावा. त्या गावात ओसरी होती म्हणून निभावलं. ती संस्थेनं योजलेली नव्हती, शाळेच्या शिपायानं आपल्या अखत्यारीत कुलूप काढलं होतं.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आम्हा मिरजकरांना अभिमान आहे. त्या वाद्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, आणि चांगला कारागीर ते नीट वाळल्याशिवाय हातात घेत नाही. वाद्याला ओलीपासून जपायची रीत आमच्या गावाला आहे. वाजवणाऱ्यासाठी तेवढी रीत सरकारनं घालून द्यावी. मसुदा करायला बसलात तर एक तबलजी, एक पेटीवाला, एक मंडपवाला आणि ध्वनिव्यवस्थेतला एखादा पोरगा बोलवा. मी यायला तयार आहे, फक्त तारीख मंगळवार-बुधवारची ठेवा. शनिवार-रविवार आमचे कामाचे असतात.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक तबलावादक, मिरज