ताई, आप्पांना केलेल्या त्या फोनसाठी

ताई,

शिक्षणानंतरचं वर्क परमिट येऊन महिना होत आला. ते दाखवायला तुमच्या दारात उभा राहिलो तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही. तुम्ही "बरं झालं रे भाऊ" म्हणालात आणि रात्रपाळीला निघून गेलात. तेव्हा राहिलेलं आज लिहितोय. चारचौघांत लिहितोय, कारण धुळे-जळगावकडून पोरं अजून कॅनडात येताहेत, त्यांच्या घरच्यांनीही हे वाचावं.

आपली ओळख ब्रॅम्प्टनच्या त्या बिल्डिंगमधल्या कपडे धुण्याच्या खोलीतली. मी मायशी फोनवर बोलत होतो आणि मागून आवाज आला, "कोठला रे भाऊ तू?" अमळनेर म्हटल्यावर तुम्ही हातातली बादली खाली ठेवलीत. अडीच वर्षांत घराबाहेरच्या माणसाच्या तोंडून ऐकलेली ती पहिली अहिराणी.

तेव्हा मी पार खचलो होतो. डिसेंबर 2024 मध्ये दोन वर्षांचा डिप्लोमा पूर्ण झाला, कॉलेजचं पत्र आलं. ज्या एजंटाला माझ्या वडिलांनी, आप्पांनी, कापसाच्या दोन हंगामांचे पैसे मोजले होते, तो म्हणाला, "वर्क परमिटच्या अर्जाला 180 दिवस असतात, निवांत राहा." येताना दिलेली इंग्रजीची आयईएलटीएस परीक्षा चालेल, असंही त्यानेच सांगितलं. फेब्रुवारी संपत आला तसा तो फोन उचलेनासा झाला. आप्पांनी तिकडून जाऊन गाठलं तेव्हा त्यांच्या तोंडावर म्हणाला, "पोरगा अभ्यास सोडून कामं करत बसला, म्हणून कागद अडकले."

आप्पांनी ते खरं मानलं. पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. शेत तारण ठेवून पाठवलेल्या पोराबद्दल बापाला असं कुणी सांगितलं तर त्याने तरी काय करावं? मी फोन केला की माय उचलायची, हळू आवाजात "जेवला का" विचारायची आणि ठेवून द्यायची.

तुम्ही माझी सगळी कागदं ओट्यावर पसरून वाचलीत. अर्जाला 180 दिवस असले तरी शिक्षण संपल्यावर 90 दिवसांनी स्टडी परमिटच संपतं, मग राहणंही अडचणीत आणि कामही बंद, हे मला पहिल्यांदा तुमच्याकडून कळलं. जुनी परीक्षा कॉलेजप्रवेशासाठीच्या, अ‍ॅकॅडमिक प्रकारची होती आणि दोन वर्षांहून जुनी, दोन्ही कारणांनी बाद. नोव्हेंबर 2024 पासून भाषेचा निकाल अर्जासोबतच लागतो. भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये तुम्ही 20 मार्चभोवती लाल गोल केलात. पुढची परीक्षा, अर्ज, फी, सगळं त्या गोलाच्या आत बसवलंत. वेळेत अर्ज गेला म्हणून उत्तर येईपर्यंत मला पूर्णवेळ काम करता आलं. तुमच्या स्वतःच्या झोपेतले किती तास त्यात गेले, हे मला ठाऊक आहे.

पण ताई, हे पत्र त्यासाठी नाही.

कागदं वाचून झाल्यावर तुम्ही मला विचारलंत, "घरी काय सांगितलंस?" मी गप्प बसलो. मग हळूहळू सगळं सांगितलं. तुम्ही घड्याळ पाहिलंत, तिकडे पहाट झाली होती. "आप्पा उठले असतील, लाव फोन." मायने उचलला, तुम्ही आप्पांना बोलवायला सांगितलंत. आणि ज्यांना कधी पाहिलंही नव्हतं त्या माणसाला म्हणालात, "आप्पा, मी धुळानी शे. तुमना पोऱ्यानी काहीच चूक नही शे. त्याले चुकीनं सांगेल व्हतं. मी सगळा कागद वाचेल शे."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग आप्पा एवढंच म्हणाले, "त्याले दे."

पुढे आम्ही काय बोललो ते लिहवत नाही. तुम्ही खिडकीकडे तोंड करून उभ्या होतात, हे मात्र दिसलं होतं.

अर्जाचं काय होणार ते त्या दिवशी कुणालाच माहीत नव्हतं. नकार आला असता तरी मी बापाच्या नजरेत खोटा ठरलो नसतो. पैसे घेतलेल्या माणसाने माझं नाव बापाजवळ खराब केलं आणि एक पैसाही न घेणाऱ्या बाईने ते परत मिळवून दिलं. अनोळखी पोराच्या घरची लाज आपली मानणारी माणसं अजून आहेत. मी तसा होऊ शकेन का, हे रोज स्वतःला विचारतो. खोलीवर नवीन आलेल्या शिरपूरच्या पोराला परवा पहिला प्रश्न तोच विचारला, "घरी काय सांगितलंस?"

परमिट तीन वर्षांचं मिळालं. त्याच आठवड्यात गावी श्रावणातली कानबाई देवी बसणार होती. तुम्हाला माहीतच आहे, तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या एकेका पुरुषमाणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. मी इथे असलो तरी दरवर्षी माझी मूठ माय घालतेच. या वेळी माझी घालून झाल्यावर आप्पांनी तिला थांबवलं आणि स्वतःच्या हाताने आणखी सव्वा मूठ घातली. मायने विचारलं, ही कोणाची?

"धुळानी पोरनी," आप्पा म्हणाले.

तुमचा,
अमळनेरचा भाऊ