दाढ किडायच्या आधी गाडी पाठवा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

स.न.वि.वि.

मी देवगड तालुक्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. नोकरी सगळी जिल्हा परिषदेच्या शाळांत झाली, त्यामुळे शाळेत येणारी आरोग्य तपासणीची गाडी चांगली ओळखीची. ही गाडी ज्या योजनेतून येते, तो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला तोही कोकणातच, पालघरला. पथक वर्षातून एकदा येतं, वजन-उंची घेतं, डोळे बघतं, 'आ कर' म्हणून तोंडात टॉर्च मारतं. दाढ किडलेली दिसली की हातात चिठ्ठी.

पुढे त्या चिठ्ठीचं काय होतं ते सांगते. आई आंब्याच्या सीझनला पेट्या भरायला जाते, एरवी मासळी निवडायला. एस.टी. बदलत ओरोसच्या सरकारी रुग्णालयात जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली. त्यात पोराची दाढ अजून ठणकत नसते. चिठ्ठी दप्तरात राहते आणि दाढ काढायची वेळ आली की मग धावपळ.

साहेब, हे वरातीमागून घोडं झालं. कीड लागल्यावर चिठ्ठी देणारं पथक आहे, तर लागायच्या आधी दाढेच्या खाचा लेपाने बंद करणारं का नसावं?

कायमची पहिली दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास येते, म्हणजे मूल पहिलीत असताना. ती दुधाच्या दातांच्या मागे गुपचूप उगवते, तिच्यासाठी एकही दात पडत नाही. म्हणून घरात कुणाला पत्ताच नसतो. पालकांना सांगावं तर उत्तर ठरलेलं, "दुधाचो दात तो बाई, पडतलो!" तो पडत नाही, जन्मभर पुरवायचा असतो. नव्या दाढेचा माथा बघा, खाचाच खाचा. काही इतक्या अरुंद की ब्रशचा केस आत शिरत नाही, पण बिस्किटाचा लगदा बरोबर जाऊन बसतो. (जत्रेतल्या खाज्याला उगाच नावं ठेवू नका. तो वर्षातून कधीतरी. खरा घोळ रोजच्या पाच रुपयांच्या क्रीमच्या बिस्किटाचा.)

या खाचा भरून टाकायच्या, यालाच सीलंट म्हणतात. दाढ साफ करून कोरडी करायची, आम्लाची जेल थोडा वेळ लावून धुवायची, परत कोरडी करून पातळ लेप द्यायचा आणि निळ्या दिव्याने तो कडक करायचा. इंजेक्शन नाही, कोरणं नाही. तंत्र कालचं नव्हे, आम्ल लावून लेप घट्ट धरवण्याची युक्ती १९५५ पासून माहीत आहे. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या आकड्यांनुसार मागच्या दातांतली ८० टक्के कीड सीलंटमुळे पहिली दोन वर्षं टळते आणि चार वर्षांपर्यंत निम्मी. मुलांची बहुतेक कीड याच मागच्या दातांत असते.

आता कुणीतरी म्हणेल, गावात दिवा कुठून आणायचा, पावसात लाइट राहते का? त्याचीही सोय आहे. ग्लास आयोनोमर नावाचं दातांचं सिमेंट आपोआप घट्ट होतं, थोडी लाळ लागली तरी चालतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. दिव्याने कडक करायचा तो रेझिनचा लेप जास्त टिकतो हे खरं, म्हणून जिथे दाढ नीट कोरडी राहील तिथे तो द्यावा. पण रेझिनची सोय होईपर्यंत काहीच करायचं नाही, हे मला पटत नाही.

पथकातले डॉक्टर आयुषचे, म्हणजे आयुर्वेद-होमिओपॅथी वगैरेचे असतात, हे काम दंतवैद्याचं. म्हणून सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या किनारी तालुक्यांत वर्षातून काही दिवस पथकाबरोबर जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयातला दंतवैद्य द्या. खेडला दंत महाविद्यालय आहे, तिथल्या इंटर्न मुलांना शिक्षकांच्या देखरेखीखाली रत्नागिरीतल्या शाळा वाटून देता येतील. पहिली-दुसरीची मुलं आधी घ्या, मग सहावी-सातवीची, कारण दुसरी दाढ बाराव्या वर्षाच्या सुमारास येते. लेप निघतो कधीकधी. तेव्हा कोणत्या दाढेला तो दिला हे मुलाच्या आरोग्यपत्रिकेवर लिहा आणि पुढच्या वर्षी तपासा.

सीलंट दोन दातांच्या फटीत पोचत नाही, त्यामुळे फ्लोराइडची पेस्ट आणि रात्रीचा ब्रश सुटणार नाही. ते आम्ही शिक्षिका वर्गात आणि पालकसभेत बघून घेऊ.

फक्त जुलैत गाडी पाठवू नका. दिवाळीची सुट्टी संपली की लगेच पाठवा. तेव्हा रस्ते धड असतात, आणि आंब्याचा सीझन लागायच्या आत पालकांची संमतीपत्रंही गोळा होतात.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग