बाबा, त्या हळदीच्या गोळ्या परत करा

ती. आई-बाबा, सा.न.

फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि मुद्दा राहूनच जातो, म्हणून लिहितेय. बाबा, हळदीच्या कॅप्सूलने आयुष्य वाढतं असा तो फॉरवर्ड वाचून तुम्ही डबे मागवलेत म्हणे. (आईने सांगितलं, तिच्यावर चिडू नका.)

आमच्याच गावात, सॅन अँटोनियोला, रँडी स्ट्राँग म्हणून फार्माकॉलॉजीचे प्रोफेसर, त्यांनी कितीतरी वर्षं हेच शोधलं की एखाद्या औषधाने म्हातारपण आणि त्याच्या जोडीने येणारी दुखणी पुढे ढकलता येतात का. एकच औषध इथे, मिशिगनला आणि मेन राज्यातल्या जॅक्सन लॅबमध्ये उंदरांना खायला घालतात, म्हणजे एकीकडे नशिबाने चांगला रिझल्ट आला तर बाकीचे दोघं पकडतात. तुमच्या गोळीतलं, हळदीतून काढलेलं कर्क्युमिनपण दिलं होतं, २०१३ ला छापून आलं, आयुष्य काही वाढलं नाही. ग्रीन टीचा अर्कही नापास. आमटीत हळद घाला की, तिला कोण नको म्हणतंय.

पास झालं रॅपामायसिन. किडनी बदललेल्या लोकांना देतात ते, मूळ ईस्टर आयलंडच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं. खाद्यात मिसळलं की ते खराब व्हायचं, मग त्याला असं कोटिंग दिलं की पोटात टिकेल आणि आतड्यात जाऊन विरघळेल, पण हे जमेपर्यंत उंदीर बिचारे वाट बघत ६०० दिवसांचे झाले, म्हणजे आपल्यातले साठीचे. तरी दिलंच. आणि २००९ चा रिझल्ट बघा, दहातले नऊ उंदीर मरेपर्यंतचं वय माद्यांमध्ये १४ टक्क्यांनी आणि नरांमध्ये ९ टक्क्यांनी वाढलं!

म्हणजे "आता या वयात काय फरक पडणार" हे तुमचं ठरलेलं वाक्य निदान उंदरांनी तरी खोटं पाडलं.

पण म्हणून लगेच कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये रॅपामायसिन विचारायला जाऊ नका, मी ओळखते तुम्हाला. त्याने इम्युनिटी दबते, तोंड येतं, शुगरही वाढू शकते, आणि तुमची आधीच काठावर. शिवाय माणसाचं आयुष्य त्याने वाढतं हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही.

डबे रिटर्न होतात का बघा. आणि आई, त्यांच्या एचबीएवनसीच्या (ती तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) रिपोर्टचा फोटो तूच पाठव, अख्ख्या पानाचा, बाबा आकड्यावर अंगठा ठेवून काढतात.

तुमची,
चिऊ