नाकारलेल्यांचा रकाना

सातारा

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

नोकरीचे अर्ज चाळणाऱ्या तुझ्या संगणकी मॉडेलचं डोक्यातून जात नाहीये. कंपनीच्या जुन्या भरतीची सगळी माहिती मिळाली, त्यातून नाव-आडनाव काढून टाकलं, मग आता भेदभाव शिरणार कुठून, असं तू फोनवर म्हणालास. बाबा शेजारी फोनसाठी हात पुढे करून बसले होते, म्हणून मी आवरतं घेतलं. आता सविस्तर लिहिते.

कॉलेजात लॉजिट, म्हणजे लोक कुठला पर्याय निवडतील याचा अंदाज बांधायचं गणित, शिकवताना मी अर्थतज्ज्ञ डॅनियल मॅकफॅडनपासून सुरुवात करायचे. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात बार्ट ही रेल्वे १९७२ मध्ये सुरू झाली. त्याआधीच मॅकफॅडन यांच्या गटाने कामाला जाणाऱ्यांना विचारून ठेवलं होतं: कसे जाता, वेळ किती जातो, पैसे किती पडतात. त्यावरून रुळावर न आलेल्या गाडीने किती जण जातील ते काढलं, ६.३ टक्के. सरकारी अंदाज १५ टक्क्यांचा होता. प्रत्यक्षात निघाले ६.२. पोरं खूश व्हायची. मग मी सांगायचे, की लोक स्टेशनापर्यंत किती चालत जातील याचा अंदाज मात्र चुकला होता, आणि हे मॅकफॅडन यांनी स्वतःच सांगितलंय. एकूण आकडा जुळला म्हणून आतलं गणित बरोबर ठरत नाही. तू मला अचूकतेची टक्केवारी सांगत होतास ना, म्हणून लिहिते.

शिवाय तिथे निवडणारा प्रवासी होता. तुझ्याकडे उमेदवाराला निवडलंय दुसऱ्याच कोणीतरी. चांगला कामगार कसा असतो हे त्या माहितीत थोडंच आहे; मागच्या मॅनेजरांना कोण आवडलं, हे मात्र भरपूर आहे. आडनाव काढलंस, पण कॉलेज, गाव, पिनकोड, शाळेचं माध्यम ठेवलंस. आपल्याकडे एवढ्यावरून माणसाचं सगळं ओळखणारे लोक तूही पाहिले आहेस. मॉडेलला त्यांच्यापेक्षा कमी वेळ लागेल.

सुखदेव थोरात, आपले अमरावतीकडचे, आणि पॉल अॅटवेल यांचा २००७ चा लेख ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त आहे. शोधून वाच. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, नावं तेवढी वेगळी: सवर्ण हिंदू, दलित, मुस्लिम. पुढचं बोलावणं येण्याचे ऑड्स सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला सुमारे दोन तृतीयांश, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. (ऑड्स बरं का, म्हणजे बोलावणं येणं आणि न येणं यांचं गुणोत्तर, शक्यता नव्हे. फरक तुला मीच शिकवलाय.) अशा कचेऱ्यांच्या जुन्या फायली कुणी मॉडेलला दिल्या, तर ते मन लावून हेच शिकेल.

पण मला जास्त खुपतं ते पुढचं. ज्यांना घेतलं त्यांचं काम कसं झालं, हे तुझ्याकडे आहे. ज्यांना परत पाठवलं ते कसे निघाले असते, ते कुठल्याच रकान्यात नाही. अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन यांनी १९७० च्या दशकात हेच पकडलं. बायकांच्या पगाराचा अभ्यास करायचा, तर पगार दिसतो तो नोकरी करणाऱ्यांचाच, आणि कोण नोकरी करते हे काही चिठ्ठ्या टाकून ठरत नाही. तू लहान असताना मी नोकरी सोडून घरी होते. त्या काळात बाजारात माझ्या कामाची किंमत शून्य नव्हती, ती कुणाच्या नोंदीत आली नव्हती एवढंच. हेकमन आणि मॅकफॅडन यांना २००० चं अर्थशास्त्राचं नोबेल एकत्र मिळालं. मला ती जोडी फार शोभून दिसते.

व्यापारातही तेच. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी केरळच्या किनाऱ्यावर तारलीच्या बाजाराचा अभ्यास केला. जानेवारी १९९७ मधल्या एका सकाळी वडकरा इथे ११ कोळ्यांना गिऱ्हाईक मिळेना, आणि त्याच वेळी १५ किलोमीटरच्या आत २७ गिऱ्हाइकं मासळी न मिळाल्याने परत निघाली होती. पुढे मोबाइल आले, समुद्रातूनच भावाची चौकशी होऊ लागली, बंदराबंदरांतल्या भावांतली तफावत आटली आणि मासळी फेकून देणं जवळपास थांबलं. हे कळलं, कारण त्यांच्या माणसांनी किनाऱ्यावर जाऊन न विकलेल्या मासळीचंही विचारलं. नुसत्या विक्रीच्या वहीवर विसंबले असते तर फेकलेला मासा त्यांना दिसलाच नसता.

म्हणून साहेबांकडे दोन गोष्टी माग. मॉडेल ज्यांना नाकारेल, त्यांतले काही जण चिठ्ठ्या टाकून काढ आणि त्यांनाही मुलाखतीला बोलवा, जमल्यास काहींना घ्याही. नाहीतर तुझं मॉडेल स्वतःच्याच निवडीवर पुढच्या वर्षी शिकेल आणि आपणच बरोबर म्हणेल. दुसरं, थोरातांसारखे जोडीचे अर्ज बनवून मॉडेललाच दे. कॉलेज आणि गाव बदल, बाकी सगळं तेच ठेव, आणि गुण किती हलतात ते बघ. हे तर माणसावर करण्यापेक्षा सोपं आहे, एका संध्याकाळचं काम.

पहिल्या मागणीला खर्चाचं कारण सांगतील. मग दुसरीचा निकाल आधी काढून त्यांच्या टेबलावर ठेव, आणि मग पहिली पुन्हा माग.

तुझी
आई

ता. क. निकाल मलाही पाठव. ऑड्समध्ये.