दर दुसऱ्या रविवारच्या चित्रपटांविषयी

ती. आई-बाबांस,
सा. न.

दर दुसऱ्या रविवारी आपल्या घरी आठ-नऊ जणांनी जमून चित्रपट बघायचा आणि नंतर त्यावर बोलत बसायचं, हे तुम्ही ठरवलंत याचा मला खूप आनंद झालाय. आई विचारते सुरुवात कशाने करू, आणि बाबांकडे वीस नावं तयार आहेत. नावं सगळी चांगली आहेत. पण एका खोलीत बसणाऱ्या आठ जणांना मिळून चित्रपट सुचवायचा तर थोडी तयारी लागते, म्हणून सविस्तर लिहिते.

बाबा, "अप्रतिम आहे, बघाच" यातून समोरच्याला काहीच कळत नाही. आधी प्रत्येकाला दोन गोष्टी विचारा: अलीकडे शेवटपर्यंत बसून बघितलेला चित्रपट कोणता, आणि मध्येच उठून गेलात तो कोणता. दुसरं उत्तर जास्त कामाचं. कुणी संथपणाला कंटाळून उठतं, कुणाला मारामारी बघवत नाही, कुणाला संवादच ऐकू येत नाहीत आणि तसं सांगायला संकोच वाटतो. हे कळलं की निम्मी निवड आपोआप होते. मग सुचवताना तीनच गोष्टी सांगायच्या: विषय एका वाक्यात, लांबी आणि चाल, आणि कुणाला त्रास होईल असं काही असेल तर ते. 'श्वास'बद्दल एवढंच पुरे: "कोकणातले आजोबा नातवाला डोळ्यांच्या उपचारांसाठी शहरात घेऊन येतात; पावणेदोन तास; हॉस्पिटलातले प्रसंग पुष्कळ." "शेवट तर बघाच" हे कधीही म्हणू नका. तसं म्हटलं की माणूस शेवटाची वाट बघत बसतो आणि अरुण नलावडे यांचे आजोबा मधल्या दीड तासात चेहऱ्याने जे बोलतात, ते निसटतं. "खूप रडवतो" हेही नको. काही जण न रडण्याची तयारी करूनच येतात.

त्रास होण्याची गोष्ट हलक्यात घेऊ नका. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' मला फार जवळचा आहे. मोहन आगाशे यांनी त्यात स्मृती हरवत चाललेले संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक केले आहेत. पण ज्यांच्या घरी आज तेच चाललंय, त्यांना सगळ्यांसमोर अचानक तो दाखवू नये. दोन दिवस आधी त्यांना एकट्यांना गाठून विषय सांगा आणि बघायचा का ते त्यांनाच ठरवू द्या. नको म्हणाले तर त्या रविवारी दुसरा लावायचा, आणि का बदलला ते कुणाला सांगायचं नाही.

आता क्रम. पहिल्या दिवशी 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) लावा. दीड तासाहून थोडा मोठा, हलकाफुलका, आणि विषय चित्रपटाचाच: दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' कसा उभा केला. तारामतीच्या कामासाठी बाई मिळेना, म्हणून साळुंके नावाच्या पुरुषाला लुगडं नेसवलं, एवढ्या गोष्टीवर आपल्याकडची मंडळी अर्धा तास बोलतील. पहिल्या बैठकीत सगळ्यांची जीभ सुटणं महत्त्वाचं.

त्यानंतर 'संत तुकाराम' (१९३६). सगळे म्हणतील, "पाहिलाय की." कोल्हापुरात तर म्हणतीलच, प्रभात फिल्म कंपनी जन्मली तिथेच, १९२९ मध्ये, आणि पुण्याला गेली ती १९३३ मध्ये. तरीही लावा, फक्त बघण्यापूर्वी एक काम द्या: या वेळी तुकोबांपेक्षा आवलीकडे लक्ष ठेवायचं. विष्णुपंत पागनीसांचे अभंग सगळ्यांच्या कानात आहेत, पण गौरी यांची आवली चुलीपाशी, म्हशीपाशी, पोरांच्या मागे कशी वावरते, पायातली वहाण हातात घेऊन विठोबाला कसा जाब विचारते, ते नीट बघा. दामले आणि फत्तेलाल यांच्या या चित्रपटाचा १९३७ मध्ये व्हेनिसला गौरव झाला. माझ्या मते त्यातला अर्धा मान त्या संसाराचा आहे.

तिसरा 'कुंकू' (१९३७). फसवून म्हाताऱ्याशी लग्न लावलेली मुलगी ते लग्न मान्य करायला नकार देते. शांता आपटे आणि केशवराव दाते. यात पार्श्वसंगीत नाही, घरातले आवाजच आहेत. त्यामुळे त्या दिवशी पंखा मंद ठेवा आणि चहाची भांडी मध्येच वाजू देऊ नका. आई, नंतरच्या गप्पांत बायकांना आधी बोलू दे.

मग 'सामना' आणि 'सिंहासन' (१९७९) लागोपाठच्या दोन खेपांना. मध्ये दुसरं काही नको. देसाईकाकांचं मत आहे ना, की निळू फुले म्हणजे पाटील आणि खलनायक? 'सामना'मध्ये ते साखर कारखान्याचे हिंदूराव आहेत, आणि "मारुती कांबळेचं काय झालं?" या प्रश्नापुढे त्यांचा चेहरा कसा बदलत जातो ते काकांना बघू द्या. पुढच्याच खेपेला 'सिंहासन'मध्ये तेच निळूभाऊ पत्रकार दिगू आहेत: थकलेला, सगळं बघणारा, फारसं काही न करू शकणारा. दिग्दर्शक तोच, जब्बार पटेल, लेखणीही तेंडुलकरांचीच. वाद घालून काकांचं मत बदलणार नाही, या दोन चित्रपटांनी बदलू शकेल. 'सिंहासन'मध्ये पात्रं खूप आहेत, म्हणून मुख्यमंत्री, अर्थमंत्री, कामगारपुढारी आणि पत्रकार अशी चार नावं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून टीव्हीखाली लावा. पहिल्या वीस मिनिटांत "हा कोण?" असं कुजबुजणं थांबेल.

'कोर्ट' (२०१४) सहाव्या-सातव्या खेपेला. त्यात कॅमेरा लांब उभा राहून शांतपणे बघतो, आणि काम संपल्यावरही दृश्य काही क्षण तसंच राहतं. आधी सांगितलं नाही तर कुणीतरी टीव्ही अडकला म्हणून रिमोट शोधायला लागेल. मराठीबरोबर हिंदी, गुजराती, इंग्रजीही आहे आणि सबटायटल बहुधा इंग्रजीच मिळतात. ज्या काकूंना इंग्रजी वाचायला वेळ लागतो त्यांच्या शेजारी आईने बसावं.

आता टीव्ही. बिघडतं ते इथेच. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा असतो. नवे टीव्ही मधली चित्रं स्वतः बनवून घालतात, मग 'सामना'सुद्धा दुपारच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. सेटिंगमध्ये 'पिक्चर' आणि मग 'मोशन' असं काही असेल ते बंद करा. सॅमसंगवर 'पिक्चर क्लॅरिटी', एलजीवर 'ट्रूमोशन', सोनीवर 'मोशनफ्लो' अशी नावं असतात. 'व्हिव्हिड' काढून 'मूव्ही' किंवा 'सिनेमा' ठेवा. व्हिव्हिडमध्ये कृष्णधवल चित्रपटातली पांढरी धोतरं भगभगतात आणि त्यावरची सबटायटलची पांढरी अक्षरं दिसेनाशी होतात. ॲपमध्ये अक्षरांमागे काळी पट्टी घालायची सोय असली तर घ्या.

जुन्या चित्रपटांच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसतील. ते असायलाच हवेत, कारण तेव्हाची चौकट चौकोनाच्या जवळची, साधारण ४:३ होती. पडदा भरावा म्हणून 'झूम' केलं तर डोकी कापली जातात, 'स्ट्रेच' केलं तर सगळे जाडे दिसतात. सोपी खूण: ताट, टाळ, चाक असं काही गोल दिसलं की थांबवून बघा. ते अंडाकृती असेल तर चौकट चुकली आहे.

आवाजाचं उलटसुलट आहे, म्हणून दोन तऱ्हा लक्षात ठेवा. नव्या चित्रपटांना 'क्लिअर व्हॉइस' किंवा 'स्पीच' चालू करा. नुसता आवाज वाढवला तर संगीतही वाढतं आणि बोलणं त्याखालीच राहतं. पण प्रभातच्या चित्रपटांना तेच बंद करून 'स्टँडर्ड' ठेवा, कारण स्पीच मोड वरचे स्वर उचलतो आणि जुन्या ध्वनिपट्टीची खरखर तिथेच असते. 'सराउंड' नेहमी बंद. आई, तुझा उजवा कान चांगला आहे, तेव्हा टीव्हीकडे तोंड करून डावीकडची खुर्ची तुझी. आपल्या ४३ इंची टीव्हीला पहिली रांग सहा फुटांवर, दुसरी आठ फुटांवर, आणि मागे उंच खुर्च्या. खोलीत पूर्ण अंधार नको. टीव्हीच्या मागे छोटा दिवा ठेवा. डोळ्यांनाही बरं आणि मध्येच उठणाऱ्याचा पायही अडखळत नाही.

कोणता चित्रपट कुठे मिळतो हे सारखं बदलतं, म्हणून शनिवारीच शोधून ठेवा. प्रभातने बरेच चित्रपट मराठी आणि हिंदी असे दोनदा केले, त्यामुळे 'कुंकू' शोधताना 'दुनिया न माने' पुढे येईल. मिळालेली प्रत सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी पाच-पाच मिनिटं चालवून बघा. चोरून टाकलेल्या प्रतींत गाणी कापलेली असतात, वेग वाढवलेला असतो, कधी चित्र आरशासारखं उलटं केलेलं असतं. पुरुषाच्या सदऱ्याचा खिसा त्याच्या उजव्या छातीवर दिसला किंवा पाटीवरची अक्षरं उलटी दिसली की ती प्रत सोडून द्या. लांबीही ताडा: 'संत तुकाराम' १३१ मिनिटांचा आहे. १२६ मिनिटं दिसली आणि आवाज किंचित चिरका वाटला, तर तो २४ ऐवजी २५ चित्रांच्या वेगाने पळतोय, चालेल. ११० दिसली तर कापलाय, नको.

चित्रपट संपला की लगेच दिवे लावू नका, श्रेयनामावली संपू द्या. चहा झाल्यावर "आवडला का?" असं विचारू नका. त्यावर "हो" म्हणून विषय संपतो. "कोणता प्रसंग अजून डोळ्यांपुढे आहे?" असं विचारा, आणि जे सहसा बोलत नाहीत त्यांच्यापासून सुरू करा. बाबा, तुम्ही सगळ्यात शेवटी. तुम्ही आधी बोललात की बाकीचे मान डोलावतात, आणि मला तर शिंदेकाकूंचं मत ऐकायचंय.

शनिवारी रात्री आठला फोन करते. टीव्ही चालू ठेवा आणि रिमोट हातात. मोशनचं सेटिंग आपण मिळून शोधू.

तुमची,
मीनू