शेवट बदलला म्हणून

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

चॅनेलने तुझ्या एपिसोडचा शेवट बदलायला लावला, हे सांगताना परवा फोनवर तुझा आवाज भरून आला होता. तेव्हापासून मला जोन हॅरिसन आठवतेय.

इंग्लंडच्या सरे परगण्यातली ही मुलगी, ऑक्सफर्डला शिकलेली. १९३३ साली वर्तमानपत्रातली जाहिरात बघून ती रहस्यपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकची सेक्रेटरी झाली. त्याच्यासाठी कादंबऱ्या वाचता वाचता पटकथेच्या बैठकीत बसू लागली, लिहू लागली. १९३९ साली ती त्याच्याबरोबर हॉलिवूडला गेली आणि ‘रिबेका’ व ‘फॉरिन करस्पॉन्डंट’ या दोन्ही पटकथांसाठी तिला एकाच वर्षी ऑस्करची नामांकनं मिळाली, दोन्हीकडे सहलेखक म्हणून.

पुढे ती निर्माती झाली. मोठ्या स्टुडिओंत तेव्हा बायका निर्मात्या बोटांवर मोजण्याइतक्या. तिच्या १९४५ सालच्या ‘द स्ट्रेंज अफेअर ऑफ अंकल हॅरी’ या चित्रपटाची मूळ गोष्ट अशी, की खुनी कायद्याच्या हातून सुटतो. पण पडद्यावर गुन्हेगार मोकळा सुटलेला सेन्सॉरला चालत नसे. शेवटी सगळं स्वप्नच होतं असं दाखवून टाकलं. जोन इतकी संतापली, की युनिव्हर्सल स्टुडिओच सोडून गेली.

मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. १९५५ साली हिचकॉकची टीव्ही मालिका सुरू झाली. नाव त्याचं, पण त्याने स्वतः दिग्दर्शित केलेले भाग थोडेच. कथा निवडण्यापासून नट ठरवण्यापर्यंत रोजचा गाडा जोनच ओढायची. १९५८ साली लेखक रोआल्ड डालची एक कथा त्यांनी केली. बायको गोठलेल्या मटणाच्या तंगडीने नवऱ्याला मारते, तीच तंगडी ओव्हनमध्ये भाजते आणि तपासाला आलेल्या पोलिसांना आग्रहाने खाऊ घालते. हत्यार पोटात गेलं, पुरावा संपला! गोष्ट तिथेच संपते, मूळ शेवट न बदलता. मग हिचकॉक स्वतः पडद्यावर येऊन गंभीर चेहऱ्याने सांगतो, की दुसऱ्या नवऱ्याच्या वेळी ती सापडली, कारण मटण गोठवायचं राहून गेलं होतं. गुन्हेगार सुटता कामा नये हा नियमही पाळला गेला आणि कथेला धक्काही लागला नाही. प्रेक्षकांना काय ते बरोबर कळत होतं.

तेव्हा तुझा मूळ शेवट अजिबात टाकून देऊ नकोस, आणि मला आधी वाचायला पाठव. नोकरी सोडायची की तिथेच राहून वाट काढायची, हे तू ठरव. घरभाड्याची काळजी मात्र करू नकोस, ते मी आणि बाबा बघू.

तुझी,
आई