बेस इमेजच्या वर लिहिलेल्या दोन ओळींसाठी

ताई,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही फोनवर मदत केलीत, म्हणून परवा दुधाचं बिल वेळेवर निघालं. दर दहा दिवसांनी फॅट आणि एसएनएफवरून (दुधातले फॅट सोडून उरलेले घनपदार्थ) उत्पादकांचा हिशोब करणारा आमचा प्रोग्रॅम पायथन या भाषेच्या ३.९ व्हर्जनचा. नव्या कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेल्या डब्यात, तो पहिल्याच इम्पोर्टला (तयार कोड आत घेणाऱ्या ओळीला) कोसळत होता आणि बिलाची तारीख डोक्यावर आली होती.

तुमच्याआधी मी किती जणांची दारं ठोठावली! ज्यांनी प्रोग्रॅम करून पैसे घेतले ते म्हणाले, "जुनं व्हर्जन आहे, आता आमचा संबंध नाही." एकाने डेडस्नेक्सचा पीपीए, म्हणजे पायथनची इतर व्हर्जन्स देणारा बाहेरचा साठा, टाकायला लावला. तो उबुंटू या लिनक्ससाठी असतो आणि आमची इमेज (कंटेनर ज्यावरून बनतो तो साचा) डेबियन १२ या दुसऱ्या लिनक्सची, हे त्याने विचारलंच नाही. आणखी एकाने "एवढंही येत नाही?" म्हणून फोन ठेवला. ते वाक्य अजून टोचतं.

तुम्ही मात्र आधी एररची शेवटची ओळ मोठ्याने वाचायला सांगितलीत. पायथनच्या 'कलेक्शन्स' या तयार मॉड्यूलमधलं 'मॅपिंग' हे नाव ३.१० पासून तिथून काढून टाकलंय आणि डेबियन १२ सोबत पायथन ३.११ येतं, एवढ्यात सगळा उलगडा झाला. सिस्टिमच्या पायथनला हात लावायचा नाही, पायथनची अधिकृत ३.९ स्लिम (आटोपशीर) इमेजच पाया, म्हणजे बेस इमेज, म्हणून घ्यायची. वीस मिनिटांत कंटेनर उभा राहिला.

पण मी हे पत्र लिहितोय ते त्यानंतर तुम्ही जे केलंत त्यासाठी. काम झालं होतं, तुम्ही फोन ठेवू शकला असतात. तुम्ही म्हणालात, "थांबा, मी सांगते तसं फ्रॉमच्या वर लिहा," म्हणजे कंटेनरच्या फाइलीत बेस इमेजचं नाव असलेल्या ओळीच्या वर, आणि सावकाश, मराठीतून दोन ओळी सांगितल्यात: "३.९ च ठेवा, चार फायलींत जुनं मॅपिंग आहे. त्या बदलल्या की ही अट काढा." माझ्यानंतर या खुर्चीवर येणाऱ्या पोराचा विचार तुम्ही केलात. त्याला तर तुम्ही कधी भेटणारही नाही.

आलेल्या माणसाला लाजवायचं नाही, हे ज्यांना जमतं अशी माणसं मला फार मोठी वाटतात. आमच्याकडे पहाटे दूध घालायला येणाऱ्या आजींना पावतीवरचा आकडा न कंटाळता वाचून दाखवणारा एक मापाडी होता. तुमचा आवाज ऐकताना तोच आठवला.

३.९ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, हेही तुम्हीच सांगितलंत. चारपैकी तीन फायली बदलून झाल्यात. चौथी पुढच्या बिलानंतर घेतो.

आपला,
दूध संस्थेतला संगणकवाला